ढोकांच्या सासवा

हिवरटोल्यात धुरपताबाईचं नाव निघालं की लोक आधी हसायचे आणि मग जरा सावरून बसायचे. बाई ठेंगणी, काटक. तलावाच्या पाळीवरून तिने हाक मारली की पलीकडच्या रानातली गुरंसुद्धा मान वळवून बघायची. रोवणीच्या दिवसांत, म्हणजे धानाची लावणी चालू असली की, वीसेक बायकांची टोळी तिच्या शब्दावर चिखलात उतरायची आणि तिच्याच शब्दावर बाहेर यायची. नवरा दुधराम गरीब स्वभावाचा. घरात बोलायचं काम बायकोकडे आणि काळजी करायचं काम आपल्याकडे, अशी त्याने वाटणी करून घेतली होती.

दोघांची स्वतःची एकच बांधी होती, धानाचं लहानसं खाचर. घर चालायचं ते ईश्वरदास पाटलाच्या दोन बांध्यांवर. त्या त्यांनी बटईने, अर्ध्या पिकावर, केल्या होत्या. ईश्वरदास गावचा जुना मालगुजार, म्हणजे जमीनदार. एक्कावन्न साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला, पण लोकांच्या तोंडून ‘मालक’ हा शब्द काही गेला नाही. ईश्वरदासानेही तो जाऊ दिला नाही.

तलावाच्या मधोमध बाभळींचं बेट होतं. पावसाळा सरत आला की त्यावर ढोक उतरायचे. पिवळ्या चोचीचे, पाठीशी गुलाबी झाक असलेले मोठाले पक्षी, फांदीफांदीवर त्यांची घरटी, आणि पार थंडी पडेपर्यंत पिलांचा कलकलाट. त्यांच्या विष्ठेने तलावाच्या पाण्याला कस येतो, त्या पाण्यावर धान चांगला भरतो, असं म्हातारी माणसं सांगायची. मालगुजारी होती तोवर तिथे मालकाच्या परवानगीशिवाय बंदूक वाजत नसे. ती गेली, आणि तलाव सरकारचा म्हणजे कोणाचाच नाही, असा शहाणपणा गोंदियापर्यंत पोहोचला. दर साली शिकारी यायला लागले. ईश्वरदासाने त्यांना अडवायचं सोडून पाहुणे करून घेतलं. हातातून गेलेल्या तलावावर अजून आपलंच चालतं, हे गावाला दाखवायला त्याला दुसरी जागा उरली नव्हती.

पहिल्याच वर्षी त्या पाहुण्यांनी न्यायचे तेवढे पक्षी नेले आणि जखमी तसेच टाकून दिले. आईबाप मेलेली पिलं घरट्यांतून ओरडत राहिली आणि मग एकेक गप्प झाली. बायका घाटावर पाण्याला गेल्या की ते ऐकू यायचं. धुरपताबाईला त्या दिवसांत घास उतरला नाही. तिला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला, आणि तिचा राग एकदा आला की मुक्कामालाच राहायचा.

तिने रोवणीच्या टोळीतल्या बायकांच्या पाळ्या लावल्या. गवत कापायला, शेण वेचायला, धुणं धुवायला जायचंच असतं. तर दोघीदोघींनी तलावाच्या अंगाला जायचं आणि बंदूकवाला दिसला की थाळ्या बडवायच्या. थाळ्यांच्या आवाजाने ढोक उडत आणि शिकारी वैतागत. मजुरी कोणी देणार नव्हतं, कोणी मागितलीही नाही. गावाने त्यांना नाव ठेवलं ‘ढोकांच्या सासवा’. धुरपताबाईची जोडीदारीण शामकला, ती तर हे नाव ऐकून स्वतःच पोट धरून हसली आणि म्हणाली की सुना बऱ्या आहेत, निदान उलटून बोलत नाहीत.

बेटाभोवती पाणी होतं, त्यामुळे शिकाऱ्याला तिथे जायला डोंगा लागे, आणि डोंगे होते जागेश्वर ढिवराकडे. ढोक माझे मासे खातात, मी कशाला त्यांची बाजू घेऊ, असं तो म्हणाला. धुरपताबाईने त्याच्याशी एक अख्खा उन्हाळा भांडण चालवलं. शेवटी बायकांनी त्याच्या जाळ्यांच्या बाजूला धुणं धुवायचं नाही आणि त्याने शिकाऱ्याला डोंगा द्यायचा नाही, असा तह झाला. पाळीवरून छर्रा बेटापर्यंत पोहोचत नसे. तेव्हापासून शिकारी काठावरची चार-दोन बदकं, एखादा चुकार ढोक मारून परत जाऊ लागले, आणि बेटावरची पिलं उडू लागली.

सत्तावन साली मात्र पाऊस पोळ्यानंतर जो गेला तो आलाच नाही. धान पोटरीवर आलेला, जमिनीला भेगा. तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, उघडावं लागणार होतं, आणि उघडलं तर बेटाभोवतीचं पाणी आटणार होतं. टोळीतल्या एकदोघी म्हणाल्या की थोडं थांबू, पिलं उडू दे. धुरपताबाईने त्यांना झापलं. माणसं उपाशी ठेवून पाखरं राखायला आपण काही खुळ्या नाही, आधी धान, असं तिने सांगितलं. तुडुम उघडलं. दिवाळी जवळ येईतो गावाच्या बाजूने पाळीपासून थेट बाभळींच्या बुंध्यापर्यंत ओला गाळ उघडा पडला. आता डोंग्याची गरजच नव्हती. कोणीही चालत जाऊन झाडाखाली उभं राहिलं असतं.

ईश्वरदासाला हे तिच्याइतकंच दिसत होतं. दिवाळीनंतर गावची मंडई भरायची, म्हणजे जत्रा, पाहुण्यांची वर्दळ, दंडारीचं लोकनाट्य. त्या दिवसाचं आमंत्रण त्याने गोंदियाच्या एका राइसमिलवाल्या शेठला धाडलं. शेठकडे जीप होती, दोन बंदुका होत्या. आणि दुधरामला बोलावून त्याने सांगितलं की मंडईच्या दिवशी बायकोला घरात ठेव. थाळी वाजली तर पुढच्या रोवणीला दोन्ही बांध्या दुसऱ्याकडे जातील.

दुधरामने जेवताना हे सांगितलं.

“ढोक आपल्याले पोसनार हायेत काय वो?” त्याने विचारलं.

“नाई पोसनार,” धुरपताबाई म्हणाली. “मालकबी नाई पोसत. आपून राबतो म्हनून खातो.”

“बांधी गेली त मंग का खावाचं?”

दोन बांध्या गेल्या की वर्षातले निम्मे दिवस दुसऱ्याच्या दारात मजुरीला उभं राहायचं, हे तिला त्याच्याइतकंच कळत होतं. पण मालकाने घरात बस म्हणावं आणि आपण बसावं, हे काही तिच्या घशाखाली उतरेना. आणि थाळ्यांनी या वेळी भागणारही नव्हतं. झाडाखाली उभा राहून बार काढणाऱ्याला थाळी काय करणार? मोठे ढोक उडतील. पिलं कुठे उडणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली आणि कोठीतली लाखोरी उपसायला लागली. धान कापणीला आला की त्याच ओलीवर लाखोरी फेकतात. वर्षाची डाळ त्यातूनच निघते. ते बियाणं होतं. दुधराम बघत राहिला.

लाखोरी ती तलावात पेरणार होती. उघड्या पडलेल्या गाळात, पाळीपासून बाभळींपर्यंत, कुठे बोटभर जागा न सोडता. या मुलखात उभ्या पिकात कोणी पाय घालत नाही. गुरं घुसली तर कोंडवाडा, माणूस घुसला तर पंचांसमोर उभं राहायचं. आणि पंचांत गेली वीस वर्षं बसत होता ईश्वरदास. सख्ख्या जावयाचे बैल कोणाच्या तरी तुरीत शिरले म्हणून त्याने ते कोंडवाड्यात घातले होते, आणि ती गोष्ट तो दर मंडईला नव्या पाहुण्याला सांगायचा. त्याला एवढा अभिमान दुसऱ्या कशाचाच नव्हता.

शामकला म्हणाली, तलाव सरकारचा, पेरणं गुन्हा ठरेल. धुरपताबाई म्हणाली, ठरू दे, सरकारला यायला वेळ लागतो, शेठ मंडईला येतो आहे. मग सात-आठ जणी भर दिवसा, सगळ्या गावासमोर, गाळात उतरल्या आणि मुठी फेकत निघाल्या. पाळीवर लोक जमून हसत होते. अर्ध्यात टोपली संपली. धुरपताबाईने मागे वळून पाहिलं तर दुधराम दुसरी टोपली डोक्यावर घेऊन, पुटपुटत, गुडघाभर चिखलातून येत होता. आपल्या बांधीत फेकायला आता दाणा उरला नाही, एवढंच तो म्हणाला, आणि स्वतःही फेकायला लागला.

मंडईपर्यंत गाळावर हिरवा थर आला.

जीप आली तेव्हा निम्मा गाव पाळीवर होता. शेठ उतरला, खांद्यावर बंदूक, पायांत उंच बूट. ईश्वरदास नवं धोतर नेसून सोबत. धुरपताबाई पिकाच्या कडेला उभी होती. हातात थाळी नव्हती, काठी नव्हती. बाकीच्या बायका तिच्या मागे.

ईश्वरदासाने समोर पाहिलं आणि तो जागीच थांबला. शेठला काही कळलं नाही. त्याने बाभळींकडे बोट दाखवलं, हसला आणि सरळ आत पाय टाकला.

“शेठजी, फसल है,” ईश्वरदास म्हणाला.

“अरे पाटील, ये तो घास है.”

धुरपताबाई शेठशी बोललीच नाही. तिने मालकाकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मालक, पीक माहं हाय. मी पेरलो. तुडवाचं असन त तुमी सोता पयले या. पंच तुमीच हा.”

पाळीवर कोणी हसलं नाही. ईश्वरदासाचं तोंड लाल झालं. त्याला आत जाता येत नव्हतं आणि मागे फिरणं जिवावर येत होतं. शेठने दुसरं पाऊल टाकलं. तेव्हा ईश्वरदासाने हात पुढे करून त्याचा दंड धरला.

“पैर बाहर निकालो, शेठजी,” तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

जीप गेली. जाताना शेठ ईश्वरदासाला जे टाकून बोलला ते सगळ्या गावाने ऐकलं. त्या अपमानाची पावती धुरपताबाईच्या नावावर फाटणार हे उघडच होतं. उन्हाळ्यात त्याने दोन्ही बांध्या काढून घेतल्या. निरोप नोकराकडून पाठवला, समोर आला नाही. धुरपताबाई त्या दिवशी रडली. पक्ष्यांसाठी रडली नव्हती, बांध्यांसाठी रडली. त्या मातीत तिचे अकरा पावसाळे गेले होते. मग ती उठून भाकरी थापायला बसली.

ईश्वरदासाने बांध्या मनिरामला देऊ केल्या. मनिरामला जमिनीची नड होती, पोरं होती. पण त्याची बायको टोळीतली. तो म्हणाला, यंदा जमत नाही, मालक. मग चैतरामला विचारलं, त्याचे बैल अचानक लंगडे झाले. तिसऱ्याने तर कारणही दिलं नाही. रोवणी आली. मालकाने स्वतःच रोवून घ्यायचं ठरवलं तर टोळीतली एकही बाई त्या दोन बांध्यांत उतरेना. बाकीच्या सगळ्या बांध्या रोवू म्हणाल्या, त्या दोन नाही. लावणीसाठी वाढवलेले पऱ्हे पिवळे पडले. रस्त्याकडेच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणाऱ्या त्या दोन बांध्या त्या साली तशाच पडून राहिल्या.

एकदा ईश्वरदास स्वतः धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आला. दुसऱ्याच्या शेतात धुरपताबाई वाकून रोवत होती. तो म्हणाला की चुकलं एवढं म्हण आणि घे तुझ्या बांध्या. तिने पाठ सरळ केली नाही.

“चुकली नाई, त म्हनू कायले?” ती म्हणाली, आणि पुढची जुडी सोडली.

त्या वर्षीही तुडुम उघडावं लागलं. दिवाळीच्या सुमाराला पाणी उतरलं तेव्हा पुन्हा पेरायचं ठरलं. धुरपताबाईच्या कोठीत लाखोरी नव्हती; तलावातून जी थोडीफार निघाली ती वर्षभर डाळीला गेली होती. तिने कोणाकडे मागितलीही नाही. मनिरामची बायको ओंजळभर घेऊन आली. मग दुसरी आली. जागेश्वर ढिवर, ज्याला शेत नव्हतं, तोही कुठून तरी पदरमोड करून आणलेलं पायलीभर बियाणं ठेवून गेला. तलावाच्या काठी सूप, टोपल्या, फडकी यांची रांग लागली. बायका चिखलात उतरायला लागल्या आणि तेवढ्यात पाळीवरचे लोक बाजूला झाले.

सावित्रीबाई येत होती. ईश्वरदासाची बायको. मालगुजाराच्या घरची ही बाई गावच्या रस्त्यावर पायी चालताना कोणी फारशी पाहिली नव्हती. डोक्यावर तिने स्वतः सूप घेतलं होतं, लाखोरीने भरलेलं. मागून, बऱ्याच अंतराने, ईश्वरदास आला आणि पाळीवरच थांबला.

ती धुरपताबाईसमोर उभी राहिली. तिने सूप खाली ठेवलं.

“पाहुने मारून आनत, अन् रांधाचं माह्याकडे,” ती म्हणाली. “साफ कराले बसली का ढोकाच्या गळ्यातून मासे निघत. पिलांयसाठी नेऊन राह्यला होता तो. इतकी वर्सं मी ते मासे उकिरड्यावर फेकलो अन् कोनाले बोललो नाई.”

धुरपताबाईने तिच्याकडे नीट पाहिलं, पायांतल्या चांदीच्या तोड्यांपासून कपाळापर्यंत. मग तिने सूप उचललं आणि परत तिच्याच हातात दिलं.

“पदर खोचा, मालकीन,” ती म्हणाली. “चिखल खूब हाय.”

सावित्रीबाईने पदर खोचला आणि नवऱ्याकडे न बघता पाय आत घातला.