शेजारच्या आंटींचं जेड

इंग्लंडमध्ये रीडिंगला आमच्या शेजारी मूळच्या मलेशियातल्या एक चिनी आंटी राहतात. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. त्यांच्या डाव्या मनगटात जेड दगडाची अखंड बांगडी असायची. लग्नात आईने साबण लावून चढवलेली. त्यानंतर ती कधी काढलीच नव्हती. "तेव्हा ही पांढुरकी होती," त्या सांगायच्या. "माझ्या अंगाची ऊब पिऊन हिरवी झाली."

गेल्या फेब्रुवारीत आमच्या दाराच्या पायरीवर बर्फ साचला. कोपऱ्यावरच्या कौन्सिलच्या ग्रिट बिनमधून बर्फावर टाकायचं मीठ आणायचा मी कंटाळा केला आणि किटलीतलं गरम पाणी ओतून मोकळी झाले. थोड्या वेळाने तेच पाणी गोठून पायरीची काच झाली. आंटी त्यांच्या नव्या वर्षाची संत्री घेऊन आल्या आणि बेल वाजवायच्या आधीच घसरल्या.

आवाज ऐकून मी धावले. संत्री फुटपाथपर्यंत घरंगळली होती, बांगडीचे तुकडे पायरीवर पडले होते. हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. नुसता मुका मार.

परतताना गाडीत मी म्हणाले, "आंटी, चूक माझी आहे. पाणी मी ओतलं होतं."

"अगं, जेड मालकिणीवरचं संकट स्वतःवर घेतं," त्या म्हणाल्या. "हाडाऐवजी ती मोडली. तिने तिचं काम केलं."

आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. त्या शब्दानेही मला धीर येईना. आंटी रागावल्या असत्या तर सोसलं असतं.

नवी घेऊन द्यायची म्हणून मी त्यांना ट्रेनने लंडनला नेलं. दुकानदाराने ट्रे समोर मांडला. त्यांनी एक बांगडी उचलली, उजेडात धरली, गालाला लावली आणि अलगद परत ठेवली.

"का हो, आवडली नाही?"

"सुरेख आहे. पण रंग चढायला सगळा जन्म लागतो गं. तिला अर्ध्यावर सोडून मी कशी जाऊ?"

बाहेर आल्यावर त्यांनीच बेकरीतून गरम बन घेतला आणि माझ्या हातात कोंबला. "खा आधी. चेहरा बघ कसा झालाय."

परतीच्या ट्रेनमध्ये त्यांना डुलकी लागली. झोपेतही उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर फिरत होती, तिथे नसलेली बांगडी फिरवत असल्यासारखी. मी माझ्या काचेच्या बांगड्या कोटाच्या बाहीत वर सरकवल्या, आवाज न करता.