लाखेचं बूच

दादाजी राऊतांची फटफटी रस्त्यात बंद पडली की ते आधी टाकीचं बूच उपटून आत पेट्रोल आहे का बघत, बूच ठोकून बसवत आणि मग कमरेचा पट्टा सोडून फटफटीला झोडपत. सीटवर, चाकावर, दिव्यावर, अगदी अडेल बैलाला झोडपावं तसं. एक सणसणीत लाथ घातली की म्हणत, "आता चालन." आणि ती मेली खरंच चालायची. माझ्याकडे वळून ते सांगायचे, "मार खाल्ल्याबिगर कोनी सरळ होत नाई बाबू. गाडी असो का मानूस."

चांद्याहून मी कारकुनीला आलो तो अहेरीपलीकडच्या जंगलातल्या एका लाकूड-ठेकेदाराच्या डेपोत. दादाजी तिथले सर्वेसर्वा. ठेकेदार वर्षातून दोनदा तोंड दाखवी, बाकी दिवस राज्य यांचं. हात असा सुटायचा की समोरच्याला विचार करायला सवड नाही. ओंडका चुकीचा कापला, थापड. गाडीवान पिऊन आला, पट्टा. एकदा तर वरणात मीठ जास्त म्हणून अख्खं पातेलं स्वैपाक्याच्या अंगावर. मला त्यांचा राग यायचा, आणि तोच माणूस तापाने फणफणलेल्या मजुराच्या उशाशी रात्रभर बसलेला दिसला की त्या रागाचं काय करावं कळायचं नाही.

फटफटी लढाईनंतर लिलावात निघालेली, लष्करी. एका पावसाळ्यात नाला ओलांडताना टाकीचं झाकण वाहून गेलं. दादाजींनी सागवानाचं बूच तासलं, पाण्याचा थेंब जाऊ नये म्हणून त्यावर लाख वितळवून चढवली. कोयत्याची मूठ लाखेनेच पक्की करतो आम्ही, तेव्हा त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. बूच असं घट्ट बसलं की काढताना दोन्ही हात लागत. तेव्हापासूनच फटफटी नखरे करू लागली. चार-पाच मैल नीट चालायची, मग खोकायची, आणि भर जंगलात मरायची. डेपोत आणली की मात्र शहाणी.

लॉऱ्यांची दुरुस्ती करणारा गोपाळ तिला उघडायचा, प्लग घासायचा, नळी फुंकायचा, डेपोला दोन चकरा मारायचा. "भाऊ, गाडी तं चांगली हाये," एवढंच त्याचं उत्तर. तिसऱ्यांदा हेच ऐकल्यावर दादाजींचं टाळकं सरकलं. "चांगली हाये तं रस्त्यात काऊन मरते? पेट्रोल चोरून घासलेट मिसळून राह्यला तू!" असं म्हणत त्यांनी उजव्या हाताची थापड ठेवून दिली. गोपाळ लॉरीच्या मडगार्डवर आपटला. डाव्या कानातून रक्त आलं, आणि तो कान कायमचा गेला. गोपाळने नोकरी सोडली नाही. बायको-पोरं होती, जाणार कुठे? पण त्या दिवसापासून तो दादाजींशी कामापुरतंही बोलेना. मी तेव्हा म्हणालो, "दादाजी, हे बरं केलं नाहीत." ते म्हणाले, "चोराले मारलं." विषय संपला.

मोहफुलं पडायला लागली तेव्हाची गोष्ट. सकाळी डेपोमागच्या मोहाखाली लालसू नावाच्या लाकूडतोड्यावर अस्वलीण धावून आली. आम्ही पोचलो तेव्हा ती त्याच्या छातीवर होती आणि त्याचं तोंड फाडत होती. आम्ही सगळे आरडत लांब उभे, आणि दादाजी कुऱ्हाड घेऊन सरळ तिच्या अंगावर. पहिला घाव खांद्यात बसला, तिने पंजाने त्यांची मांडी उकलली, दुसरा घाव डोक्यात. ती पडल्यावरही ते घाव घालतच राहिले. शेवटी मी मागून मिठी मारून आवरलं.

लालसूच्या चेहऱ्याची एक बाजू लोंबत होती. लॉऱ्या सगळ्या बाहेर गेलेल्या. दादाजींनी फटफटीची टाकी काठोकाठ भरली, लालसूला एका जुन्या धोतराने स्वतःच्या पाठीला बांधलं आणि मला मागे बसवलं. अहेरीचा दवाखाना गाठायचा होता. माझ्या हातांवरून लालसूचं रक्त वाहत होतं.

तीन मैलांवर फटफटी खोकली आणि मेली. टाकी आत्ताच भरलेली, म्हणून दादाजींनी बूच काढलंच नाही. लालसूला खाली निजवून थेट पट्टा काढला. मारताहेत, लाथा घालताहेत, किक मारताहेत, मांडीतलं रक्त बुटात उतरतंय. फटफटी ढिम्म. लालसू कण्हायचा थांबला तेव्हा मी घाबरलो. म्हटलं, निदान पेट्रोल सांडलं का ते तरी बघू. दोन्ही हातांनी बूच उपटलं, तर टाकीने 'सुस्स' करून हवा आत ओढली. पुढच्या किकेला फटफटी सुरू.

दादाजी माझ्या हातातल्या बुचाकडे बघत राहिले. टाकीत हवाच जात नव्हती, मग पेट्रोल खाली उतरणार कसं? आजवर गाडी चालली ती त्यांच्या माराने नव्हे, पेट्रोल बघायला बूच काढत म्हणून. त्यांनी ते बूच माझ्या हातून घेतलं आणि झाडीत भिरकावलं. लालसूला पुन्हा पाठीला बांधलं, टाकीच्या तोंडात मी फडकं सैलसर कोंबलं आणि आम्ही न थांबता अहेरीला पोचलो. लालसूचा एक डोळा गेला, जीव वाचला.

दुसऱ्या दिवशी दादाजी लंगडत गोपाळजवळ गेले. तो लॉरीचं चाक खोलत होता. दादाजी त्याच्या डाव्या बाजूला उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "माह्यं चुकलं, गोपाळ." मी तिथेच उभा होतो. गोपाळने क्षणभराने मान वळवली. "काय म्हनलं भाऊ?"

अस्वलिणीच्या अंगावर धावून गेलेला तो माणूस. "काई नाई," म्हणाले आणि उठून गेले. त्यानंतर त्यांचा हात कुणावर उठलेला मी पाहिला नाही. पट्टाही कमरेला दिसला नाही, धोतर सुतळीने बांधायचे.

दोन वर्षांनी ते हिवतापाने गेले. प्राणहितेच्या काठी त्यांना पोचवून आम्ही परतत होतो. मला राहवलं नाही. गोपाळला म्हटलं, "तुला ऐकू आलं नाही त्या दिवशी, पण ते तुझी माफी मागत होते रे."

"ऐकलं होतं," गोपाळ म्हणाला. "माहा दुसरा कान चांगला हाये न बाबू."

"मग?"



"मले पुन्हा एक डाव ऐकाचं होतं."