डीएनएसची चौकट आणि रफिकचाचांची वायर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि माझ्या पोटात काही राहत नाही, असं तो चारचौघांत सांगत फिरतो. बघा, राहिलं की नाही सात वर्षं?

घाटंजीत माझा कॉम्प्युटर क्लास आहे. गावात मी ‘मॅडम’. प्रिंटर रुसला, वायफाय गेलं, की बोलवा मॅडमला. कौतुक कुणाला नको असतं? मला तर जरा जास्तच लागतं.

तर आमच्या सुधाकररावांनी त्यांच्या फोटो स्टुडिओत लग्नांचे फोटो ठेवायला नेटवर्क स्टोरेजचा एक डबा आणला. वायर ओढली रफिकचाचांनी — साठीचे वायरमन, वायर झाकायची पट्टी अशी सरळ मारणार की नजर लागावी. आपण ओढलेली वायर कधी पुन्हा उघडावी लागली नाही, हा त्यांचा अभिमान, आणि तो खराही होता. सेटिंग माझ्याकडे.

डबा दुकानात छान चालला. पण त्यातले फोटो बाहेरच्या सर्व्हरवर जाईनात, आणि तिकडे पुण्याहून एका नवरीची आत्या फोटोंसाठी सारखी फोन करत होती. सुधाकररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी — काय सांगू — मी वायरीकडे पाहिलं. म्हटलं, कनेक्शन ढिलं दिसतंय.

दुकानात फोटो दिसताहेत म्हणजे वायर धड आहे, हे माझ्या क्लासमधल्या नवख्या पोरीनंही सांगितलं असतं. मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण ‘मला जमत नाहीये’ हे शब्द काही तोंडातून निघेनात.

चाचांनी शिडी लावून सगळी पट्टी उचकटली, वायर काढली, नवी घालायला घेतली. तेवढ्यात मी लॅपटॉप थेट डब्याला जोडून सेटिंग पुन्हा उघडलं, तर ती डीएनएसची चौकट! बाहेरच्या नावांचे पत्ते डब्यानं कुणाला विचारायचे, ते तिथे लिहायचं असतं. मी राउटरचा नंबर लिहायच्या ऐवजी डब्याचाच लिहिला होता. म्हणजे वाट चुकलेल्याला सांगायचं, बाबा, तू स्वतःलाच विचार. एरवी मी पोट धरून हसले असते. तेव्हा मात्र गुपचूप आकडा बदलला, चाचा नवी वायर जोडून शिडीवरून उतरेपर्यंत मी थांबले, आणि मग म्हटलं, आता बघा बरं. फोटो भराभर जायला लागले.

सुधाकररावांनी चहा-भजी मागवली. चाचा कपाला हात न लावता म्हणाले, “माह्याच हातानं चूक झाली, मॅडम. तुमचा टाइम गेला.”

आणि मी म्हणाले, “होते चाचा कधी कधी. जाऊ द्या.”

ऐकलंत? मी त्यांना माफ केलं! वर भजीही खाल्ली.

त्यानंतर चाचांनी कॉम्प्युटरच्या वायरीचं काम घेणंच सोडलं. पंखे बसवतात, मोटारी दुरुस्त करतात, ईदला आवर्जून घरी बोलावतात. मी जाते, दोनदा शीरखुर्मा मागून घेते. परवा एका नव्या दवाखान्यात आम्ही दोघंही होतो. डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारलं, नेटवर्कची वायर ओढाल का?

“नाही होत माह्यानं आता. बारीक काम आहे, हात चुकते,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाहून हसले — मी साक्षीदारच ना.

मी मान डोलावली. त्यांची ती पहिली वायर अगदी बिनचूक होती.