बोट भाड्याने दिली तेव्हा सोबत काय गेलं

मागे एका ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं की स्वतःची बोट अनोळखी लोकांना भाड्याने द्यावी का. त्यावर इंजिन, लाइफ जॅकेट, विमा अशी भरपूर चर्चा झाली. मी गप्प बसले. माझं उत्तर तिथे लिहिलं असतं तर सगळ्यांनी मला वेड्यात काढलं असतं. या सदरात तरी ऐकून घ्याल म्हणून लिहितेय.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. अगदी तिळमात्र नव्हता. आम्ही बौद्ध. घरात सकाळची वंदना सोडली तर दुसरं काही नाही, आणि नारळ फुटतो तो चटणीसाठी. नोकरीभर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. वर्गात एखादी मुलगी कुणाच्या तरी अंगात आल्याची गोष्ट सांगायला लागली की मी तिला फळ्यापाशी बोलवायचे आणि पचनसंस्थेची आकृती काढायला लावायचे. तेव्हा पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. बरीच वर्षं उजनी धरणावर काढली, तिथेच बोट चालवायला शिकले. आम्ही राहतो सोलापुरात, पण यांचा जीव त्या पाण्यात. रिटायर झाल्यावर यांनी एक जुनी फायबरची बोट घेतली. टेंभुर्णीहून करमाळ्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एके ठिकाणी ऊस संपतो आणि एकदम पाणी दिसतं. तिथल्या एका गावाच्या काठाला ती बांधलेली असते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बोटीची देखभाल करायला गावातलाच एक माणूस आहे, पोपट. थंडीत रोहित पक्षी येतात तेव्हा पर्यटकांना ते दाखवायचं कामही तोच करतो. नाव पोपट आणि धंदा पक्ष्यांचा, यावरून हे त्याला फार चिडवायचे.

हे कुणालाही बोटीतून फिरवून आणायचे, फुकट. पण बोट कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. इंजिनापाशी स्वतःच बसायचे.

आता यांच्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. काहीही बोलायच्या आधी हे घसा खाकरायचे. आधी एक बारीक, मग एक मोठं, आणि शेवटी "हं". चहा हवा, खाकरणं. फोन कुणाचा होता, खाकरणं. मला इतका वैताग यायचा की मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "बोला एकदाचं!" अवघड काही सांगायचं असलं की दोन-दोनदा खाकरायचे. मला न विचारता बोट विकत घेऊन झाल्यावर असेच दोनदा खाकरले होते.

गेल्या उन्हाळ्यात हे गेले. हार्टचं निमित्त झालं, दवाखान्यात पोचेपर्यंतही राहिले नाहीत. त्या दिवशी सकाळी दारात बूट घालताना दोनदा खाकरले होते आणि मी मिक्सर लावला होता.

पाऊस संपल्यावर बोटीचं काय करायचं ते बघायला मी गेले. पोपट पेट्रोल आणायला गावात गेला आणि मी एकटीच बोटीत बसले. ऊन छान होतं. पाठीमागे इंजिनापाशी कुणीतरी खाकरलं. एक बारीक, एक मोठं, "हं".

मला वाटलं पोपट आला. मागे वळून पाहिलं तर कुणी नाही. पोपट काठावरच्या चढावरून कॅन घेऊन उतरत होता, बराच लांब.

घरी येऊन मुलाला फोन केला. तो पुण्याला असतो. म्हणाला, "आई, बगळा असेल. बगळ्यांचा आवाज तसाच घोगरा असतो." मलाही ते पटलं. बगळ्याचा आवाज मीही ऐकलाय. पण मग मी दर आठवड्याला एस.टी.नं टेंभुर्णी गाठायला लागले, ते काही बगळ्यासाठी नाही. शेजारणींना सांगायचे, जरा मोकळ्या हवेत जाऊन येते. बोटीत बसायचे, थोडा वेळ गेला की मागे खाकरणं व्हायचं, मी ऐकायचे आणि परत यायचे. भीती कधीच वाटली नाही. उलट येताना भूक लागायची.

पण एवढ्या सगळ्या फेऱ्यांत मी "बोला" असं एकदाही म्हटलं नाही. विज्ञानाची बाई रिकाम्या बोटीत कुणाशी बोलणार? लाज वाटायची मला. माझी मलाच.

मग एक दिवस मागे दोनदा खाकरणं झालं. थांबून पुन्हा दोनदा. काय सांगायचं असेल यांना? त्या सकाळी दारात सांगायचं राहिलं तेच? छातीत दुखतंय, हे? मी उठले, साडी भिजली तरी तशीच काठावर उतरले आणि पोपटला म्हटलं, "तू म्हणत होतास ना भाड्यानं देऊ, तर दे."

पोपट खूश झाला. "न्हायतर काय ताई, नुसती पडून हाय की बोट. पाण्यात पडून लाकूडबी कुजतं, ही तर मशीन हाय. पर सायबांना आवडलं नसतं बगा."

"साहेब नाहीत आता," मी म्हटलं. हे मी म्हटलं, इंजिनाकडे पाठ करून. तेव्हापासून त्या वाक्यानं माझी पाठ सोडलेली नाही.

त्यानंतर रविवारी-रविवारी बोट जायला लागली. महिन्याभरानं मी गेले. तासभर बसले, दोन तास बसले. पाणी हलत होतं, पक्षी ओरडत होते, पाठीमागे काही नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं, मग बसस्टँडवर येऊन मी रडले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. बोट रिकामी होती. ती आधीही रिकामीच होती म्हणा, पण ज्याला फरक कळायचा त्याला कळतो.

मग एक दिवस फोन आला. तरुण बाई होती, आवाज घाबरलेला.

"काकू, मी लावण्या. पोपटभाऊंकडून नंबर घेतला, तुमच्या मिस्टरांचं त्यांनीच सांगितलं. आम्ही तुमच्या बोटीत बसलो होतो, आमचे मामा, आमचे हे आणि मी." मामा म्हणजे तिचे सासरे. "काकू, रागावू नका हं. एक विचारू का? तुमचे मिस्टर घसा असा... खाकरायचे का?"

मी तिचा पत्ता विचारला.

ही तेलुगू विणकरांची माणसं, सोलापुरातच अशोक चौकाच्या मागे राहतात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. बोळात शेजारच्या कारखान्यातल्या मागांचा खटाखट आवाज चालू होता. पुढच्या खोलीत कॉटवर लावण्याचे सासरे बसले होते, अंबादासअण्णा. जन्मभर पॉवरलूमवर काम करून त्यांचे कान गेलेले. लावण्या कानाशी तोंड नेऊन ओरडते तेव्हा कुठे त्यांना शब्द कळतो.

लावण्यानं चहा दिला आणि हळूच सांगायला लागली. "आमची अत्तम्मा, म्हणजे सासूबाई, गेली ना काकू, त्यानंतर मामा बोलायचेच बंद झाले. जेवायचे नाहीत. हवापालट म्हणून बोटीत नेलं तर जाऊन इंजिनाजवळ बसले, उठेचनात. तिथून घरी आलो आणि दुसऱ्या दिवशीपासून हे सुरू झालं. आम्ही घाबरलो की. पूजा करू म्हटलं, तर मामाच म्हणाले नको. आता ते आवाज आला की बोलत बसतात, ताट पुढे केलं की जेवतात. आम्हालाही सवय झाली."

मी म्हणणार होते की मागांच्या आवाजात काहीही ऐकू येईल. तेवढ्यात दारालगतच्या कोपऱ्यातून आलं. एक बारीक, एक मोठं, "हं".

अशोक चौकात बगळे येत नाहीत.

आणि अण्णा, ज्यांना शेजारचे माग ऐकू येत नव्हते, ते त्या कोपऱ्याकडे वळून हसले आणि तेलुगूत काहीतरी सांगायला लागले. सांगता सांगता मांडीवर थाप मारली. आमच्या यांना तेलुगू ओ की ठो कळत नव्हतं.

"काय म्हणतायत?" मी लावण्याला विचारलं.

"अत्तम्मा आंबाडीची भाजी कशी करायची ते सांगतायत. काका काही बोलत नाहीत म्हणतात. पण ऐकतात."

खरं सांगते, मला यांचा राग आला. मी एवढ्या एस.टी.च्या फेऱ्या मारतेय आणि हे इथे परक्याच्या घरी बसून आंबाडीची भाजी ऐकतायत! लगेच दुसरा विचार आला की अण्णांनी यांच्याशी बोलायला सुरुवात तरी केली. मी काय केलं? बोट भाड्यानं दिली. आणि एवढं कळत असूनही मी लावण्याला म्हटलं, "एकदा सगळे पुन्हा बोटीत याल का? यांना तिथं... सोडायला."

लावण्याचा चेहरा बघूनच मी तिथे थांबायला हवं होतं. तिनं अण्णांच्या कानात सांगितलं. अण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मराठीत म्हणाले, "नेऊ या की अक्का. त्यांचं घर तुमच्याकडं. मी किती दिवस ठेवून घ्यायचं?"

रविवारी सकाळी आम्ही गेलो. पोपट पुढे टोकाला बसला, लावण्याच्या नवऱ्यानं इंजिन धरलं, अण्णा त्याच्या शेजारी. भर पाण्यात गेल्यावर अण्णांनी इंजिन बंद करायला लावलं. शेजारच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून तेलुगूत थोडं बोलले, हात जोडले. परत आल्यावर ती मंडळी निघून गेली आणि मी बोटीत बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं. मी म्हटलं, मोठ्यानं, पोपट ऐकत असताना म्हटलं, "बोला. बोला ना."

काही नाही. पोपट काठावर मान खाली घालून दोरी गुंडाळत राहिला.

दोन दिवसांनी लावण्याचा फोन आला. "काकू, इकडं आवाज बंद झाला. मामा सारखे विचारतात, ते पोचले का घरी?"

आता मी काय सांगायला हवं होतं? त्या माणसानं आपल्या तोंडचा घास काढून मला दिला होता आणि तो माझ्याही हातात आला नव्हता. मी म्हटलं, "हो, पोचले. छान आहेत."

मागून अण्णा ओरडून काहीतरी म्हणाले. लावण्या म्हणाली, "काकू, एकदा ऐकवता का म्हणतात."

मी फोन जरा लांब धरला आणि खाकरले. एक बारीक, एक मोठं, "हं". इतकी वर्षं ऐकलेलं, हुबेहूब आलं. पलीकडे अण्णा हसले आणि तेलुगूत बोलायला लागले. मी ऐकत राहिले. एक शब्द कळत नव्हता. बोलणं संपलं तेव्हा लावण्या म्हणाली, "मामा जेवतो म्हणतात." मी फोन ठेवला आणि मला स्वतःची इतकी किळस आली की रात्रीचा स्वयंपाक केला नाही.

तेव्हापासून दर एक-दोन दिवसांनी फोन येतो आणि मी खाकरते. मुलाला सांगितलं नाही. तो बगळा म्हणेल, नाहीतर डॉक्टरचा नंबर देईल. दोन्हीतलं काही खोटं आहे असंही मी म्हणणार नाही.

पण गेल्या आठवड्यात मात्र मला ते खोटं खाकरणं जमेना. फोन आला तेव्हा ठरवलं, पुरे झालं, खरं सांगायचं. म्हणून मी खाकरलेच नाही. फोन हातात धरून शब्द जुळवत उभी राहिले. आणि पलीकडून अण्णा हसले. नेहमीसारखे, थाप मारल्याचाही आवाज आला. "आलं आलं, ऐकू आलं," म्हणाले आणि बोलायला लागले.

घरात मी एकटी होते. टीव्ही बंद, पंखा बंद. मला काही ऐकू आलं नव्हतं.

मी खूप विचार केला. एक तर कान गेलेल्या अण्णांना फोनवरचं कधी ऐकूच आलं नव्हतं, माझं खोटं त्यांना पहिल्या दिवसापासून कळलेलं आहे आणि ते माझ्यासाठी खोटं बोलतायत. हे शक्य आहे, माणूस तेवढा मोठा आहे. नाहीतर दुसरं... ते मला लिहवतही नाही. हे खरंच घरी आले आहेत, रोज खाकरतायत, आणि ते सगळ्यांना ऐकू येतं, फक्त मलाच नाही.

यातलं कुठलं खरं, मला माहीत नाही. शोधायचं कसं तेही कळत नाही. पोपटचा परवा फोन होता, "ताई, रविवारी पुन्याची पार्टी हाय, देऊ का बोट?" मी म्हटलं, नको.

आणि हल्ली मी मिक्सर लावत नाही. पाट्यावर वाटते.