एका छत्रीचा वारा

उभ्या रत्नागिरीत वारा सुटला म्हणून खूश होणारा माणूस एकच असावा आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हा माझ्या पत्रिकेतलाच योग असणार. फाल्गुन-चैत्रात दुपारी समुद्रावरून वारा उठला की इथल्या बागायतदारांच्या काळजात धस्स होतं. झाडावर हापूस तयार होत असतो आणि फांद्या गदागदा हलत असतात. मामांचे शेजारी तर घरापुढच्या खळ्यात उभे राहून वर बघत हात जोडतात. त्याच वेळी कुंपणाच्या अलीकडे मामा पायजम्याच्या नाडीला दुसरी गाठ मारत असतात, आणि चेहऱ्यावर घरात लग्न निघाल्याचा आनंद. एकदा तर ते "वाढतोय हो, वाढतोय!" असं त्या शेजाऱ्यांना कुंपणावरून ओरडून सांगायला गेले. तेव्हापासून त्या घरातून दरवर्षी येणारी आंब्याची पेटी यायची बंद झाली. मामांना त्याचं कारण अजून कळलेलं नाही.

मामा सत्तरीला टेकले आहेत. जन्मभर गाड्यांच्या वर्कशॉपात फोरमन होते. निवृत्त झाल्यावर माणसं वाचनालयात जातात, नातवंडं सांभाळतात, निदान मधुमेहावर बोलतात. मामांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. कुठल्या तरी परदेशातल्या किनाऱ्यावर माणसं तीन चाकांच्या बुटक्या गाडीत बसली आहेत, हातात पतंगाच्या दोऱ्या आहेत आणि पतंग त्या गाडीला भन्नाट ओढून नेतो आहे. व्हिडिओ संपल्यावर मामांनी तो पुन्हा पहिल्यापासून लावला. मग मला म्हणाले, "इंजिन नाय, पेट्रोल नाय, हॉर्न नाय. जावईबापू, मी जन्मभर चुकीच्या गाड्या दुरुस्त केल्या हो!"

त्यानंतर पंधरा दिवसांत त्यांच्या पडवीत गाडी उभी राहिली. मागची दोन चाकं जुन्या स्कूटरची, पुढचं चाक सिमेंट वाहायच्या हातगाडीचं, आणि मधे पाय कापलेली एक वेताची खुर्ची. ती खुर्ची माझी होती. मी मूळचा सांगलीकडचा. समुद्र ही लांबून, चहा घेत बघायची गोष्ट आहे असं माझं स्पष्ट मत, आणि त्यासाठीच मी ती खुर्ची हौसेने आणली होती. मामांनी ती "जरा मापाला" म्हणून नेली आणि परत मागायला गेलो तेव्हा तिचे चारही पाय शेजारी नीट एका रांगेत ठेवलेले दिसले. "हे तुमचे तुम्ही घेऊन जा," मामा उदारपणे म्हणाले. शिवाय बायकोने हुकूम काढला की मामा भाट्याच्या किनाऱ्यावर जातील तेव्हा मी सोबत जायचं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. म्हणजे खुर्चीही गेली आणि बसणंही गेलं.

पतंग शिवायला कापड हवं. पावसात भिजत नाही, वजनाला हलकं आणि कोकणात कुठेही मिळतं असं कापड एकच, छत्रीचं. गणपती होऊन पाऊस ओसरला की मामा ओळखीच्या घरोघर मोडक्या छत्र्या गोळा करत फिरत. लोक सुरुवातीला मोडक्याच देत. मग मामा धडधाकट छत्र्यांकडेही अशा नजरेने बघायला लागले, की ते आले रे आले की माणसं छत्री माळ्यावर टाकत. त्यांच्या स्वतःच्या घरात शेवटी दोनच छत्र्या शाबूत राहिल्या. एक मामांची लांब दांड्याची काळी, आणि दुसरी मामींची जांभळी, पांढऱ्या ठिपक्यांची. ही जांभळी छत्री मामांनीच निवृत्तीच्या वर्षी पुण्याहून आणली होती. त्यांनी घरात आणलेली आणि नंतर उघडून दुरुस्त न केलेली ती एकमेव वस्तू. मामी तिला कपाटात कुलपात ठेवायच्या.

यातूनच मामांनी वारा मोजायचं आपलं माप काढलं. तीन छत्र्यांचा पतंग, दोन छत्र्यांचा, एका छत्रीचा आणि सगळ्यांत लहान अर्ध्या छत्रीचा. वारा मंद असेल तर ओढायला मोठा पतंग लागतो. वारा जितका तगडा, तितका पतंग लहान. त्यामुळे मामा "आज तीन छत्र्यांचा वारा" म्हणाले की समजावं, पानही हलत नाहीये. "आज एकाच छत्रीचा!" म्हणाले की अंगणातले कपडे आत घ्यावेत. हा हिशेब गावाला उलटा वाटे आणि कोणी तसं म्हटलं की मामांना मनापासून दुःख होई. "अहो, वारा आधीच जोर लावतोय. आपण आणि कशाला लावायचा? तो मोठा झाला की आपण लहान व्हायचं." फोरमनकी केलेला माणूस असं काही बोलतो तेव्हा मला उगीच बरं वाटे.

गाडी पळायला घट्ट ओली वाळू लागते, आणि ती जास्तीत जास्त उघडी पडते अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला. त्यामुळे जग ज्या अमावास्येला नवं काही काढत नाही, त्या अमावास्येची मामा कॅलेंडरवर लाल गोल करून वाट बघत. एकदा बायकोच्या मावसबहिणीच्या साखरपुड्याचा दिवस ठरवायचा होता. घरातलं वडीलधारं माणूस म्हणून मुलाकडच्यांनी मामांना विचारलं. मामांनी कॅलेंडर नाकाशी धरलं, महिना नीट पाहिला आणि म्हणाले, "अमावास्येसारखा दिवस नाय. संध्याकाळी पाणी पार आत जातं, वाळू कशी रस्त्यासारखी होते." मुलाची आई पाणी प्यायला म्हणून आत गेली. मामींनीच पुढे येऊन पंचमी सुचवली म्हणून ते लग्न झालं.

मामींचं सगळं आयुष्य असं मामांच्या मागून सावरत येण्यात गेलं, आणि हे मी अगदी शब्दशः सांगतो आहे. बाजार असो, देऊळ असो, मामा तरातरा दहा पावलं पुढे आणि मामी गुडघे सांभाळत मागे. मामा कोपऱ्यावर थांबून "चल गो" म्हणत आणि त्या पोचायच्या आत पुन्हा सुटत. पतंगांच्या बाबतीत मात्र मामींनी एक अट घातली होती. त्यांच्या शिलाई मशीनला मामांनी हात लावायचा नाही. मग मामा हातानेच शिवत, दाभणाने, आणि टाके असे आवळत की जणू नट पिळताहेत. जोराच्या वाऱ्यात पतंग हटकून मधल्या शिवणीवर फाटे. मामांचं स्वप्न साधं होतं. वैशाखातल्या दांडग्या वाऱ्यात, अर्ध्या छत्रीच्या पतंगावर, भाट्याच्या पुलाकडच्या टोकापासून पार दुसऱ्या टोकापर्यंत जायचं आणि वळून परत यायचं, पाय जमिनीला न लावता. तीन वर्षं झाली. कधी शिवण उसवे, कधी वळताना गाडी कलंडायला लागली की पाय टेकावा लागे.

यंदा शिमग्याला मामांच्या मुंबईतल्या मुलाला रजा मिळाली नाही. येता येत नाही म्हणून त्याने कुरिअरने वडिलांना एक तयार पतंग पाठवला. खरा, परदेशी, लालभडक. मामांनी तो खळ्यात पसरला तर तो खळ्याबाहेर गेला. "सात छत्र्या तरी असतील," ते पुटपुटले. होळीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वारा कडक होता, सरळसरळ एका छत्रीचा. मी म्हटलं, "मामा, आज हा नको." मामा म्हणाले, "पोरगा फोन करून विचारील हो. काय सांगू, घडी नाय मोडली म्हणून?"

एरवी ते पतंगाच्या दोऱ्या बांधलेली दांडी फक्त हातात धरत, कारण हातातून सोडली की पतंग लुळा पडतो आणि माणूस वाचतो. त्या दिवशी मात्र, पोराने पाठवलेला पतंग सुटून सुरूच्या बनात अडकून फाटू नये, म्हणून त्यांनी दांडी नाडीसकट कमरेला बांधली. दोन गाठी मारून. पतंग वर गेला, गाडी जागच्या जागी उलटली आणि मामा वाळूवरून आडवे, थेट बनाच्या दिशेने निघाले. मी मागे धावत होतो आणि ओरडत होतो. ते ओढून वर ठेवलेल्या एका होडीवर खांद्याने आपटले आणि थांबले. मी पोचलो तेव्हा त्यांनी डोळे उघडून पहिलं विचारलं, "पतंगाला काय झालं नाय ना?" मला त्यांचा इतका राग आला होता की मी तिथेच वाळूत बसून रडलो.

खांद्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की हे जुळेल, पण पुन्हा असं झालं तर भरवसा नाही. मामींनी गाडी पडवीतून मागच्या खोपीत न्यायला लावली आणि कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली.

मग मामा खिडकीत बसायला लागले. हात गळ्यात, नजर शेजारच्या आंब्यांच्या शेंड्यांवर. आम्ही गेलो की ते हळूच म्हणत, "दोन छत्र्यांचा आहे." चैत्र संपत आला तसं तेही म्हणेनासे झाले. हात गळ्यातून निघाला, तरी ते खिडकीतून हलेनात. वारा घरात शिरून कॅलेंडर फडफडवी आणि मामा उठून ते खिळ्यावर नीट करून पुन्हा बसत. अमावास्येवर लाल गोल नव्हता. एका दुपारी शेजारचे बागायतदार स्वतः चौकशीला आले आणि सहज म्हणाले, "आज वारा फार हो." मामा म्हणाले, "असेल." हा माणूस असा संपणार, असं मला त्या दिवशी वाटलं, आणि घरी येऊन मी बायकोला तसं सांगितलंही.

वैशाख अमावास्येच्या दुपारी मामींचा फोन आला, "जावईबापू, रिक्षा घेऊन या. आणि गाडी न्यायला टेम्पो कुणाचा मिळतो तो बघा." मी गेलो तर मामा खुर्चीत ताठ बसलेले, आणि त्यांच्या मांडीवर एक इवलासा पतंग. जांभळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. सबंध छत्री उसवून मामींनी कापड दुहेरी केलं होतं, म्हणून पतंग झाला होता अर्ध्या छत्रीएवढाच. मधली शिवण मशीनवर तीनदा मारलेली, वर पट्टी लावलेली.

"एकदाच," मामी म्हणाल्या. "दांडी कमरेला बांधायची नाही. शिवण उसवली किंवा पाय टेकला, तर गाडी भंगारात. कबूल?"

मामा नुसतं पतंगावरून बोट फिरवत होते. "कबूल गो," म्हणाले.

भाट्याला त्या दिवशी वाऱ्यात उभं राहवत नव्हतं. शहाळेवाल्यांनी ताडपत्र्या उतरवून ठेवल्या होत्या. पाणी खूप आत गेलेलं, वाळू चकचकीत. मामी बनाच्या कडेला बाकावर पदर घट्ट धरून बसल्या. मी पतंग वर धरला, सोडला, आणि एवढासा तो जांभळा तुकडा टणकन वर जाऊन उभा राहिला. मामांनी दांडी किंचित कलती केली आणि माझी वेताची खुर्ची माझ्या डोळ्यांदेखत सुसाट निघाली. वारा समुद्राकडून आडवा, म्हणून जाणं आणि येणं दोन्ही जमतं, अडचण फक्त वळणाची. लांबच्या टोकाला ठिपक्याएवढे मामा दिसेनासे झाले, तेव्हा मी मामींकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. वर पतंग मात्र दिसत होता. तो एकदा खाली झुकला, गरकन फिरला, आणि दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा ताठ झाला. मामी बाकावरून उठून उभ्या राहिल्या, गुडघ्यांना न विचारता.

मामा परत आले ते दोन्ही पाय हवेत धरून, लहान मूल झोपाळ्यावर धरतं तसे. थांबल्यावरही त्यांनी पाय खाली घेतले नाहीत. मामी वाळू तुडवत जवळ आल्या आणि म्हणाल्या, "टेका आता. झालं." मामांनी पतंग उताणा केला, मधल्या शिवणीवरून इकडून तिकडे बोट नेलं आणि म्हणाले, "एक टाका उसवला नाय गो." मग पुढे जे म्हणाले ते मामींनी चाळीस वर्षांत ऐकलं नसावं. "मी उगीच दाभणाने शिवत बसलो. तुला आधीच विचारायला हवं होतं." मामी वळून समुद्राकडे बघत राहिल्या. मी गाडीची चाकं पुसायला घेतली, तेवढंच मला सुचलं.

गाडी भंगारात गेली नाही. ती आता खोबरेल तेल चोळून खोपीत ठेवली आहे, बिनकुलपाची. दिवाळीनंतर बघू, असं मामी म्हणतात. मामा मात्र बोलण्याच्या ओघात कधी तरी म्हणून जातात, की तेवढं एकदा झालं ना, बस्स झालं. हे ऐकलं की मला थोडं भरून येतं. खुर्ची परत मिळेल म्हणून तर नक्कीच नाही.

माझ्या बायकोने मामींना नवी छत्री आणून दिली. ती कपाटात आहे, वरचा कागदही काढलेला नाही. परवा भर पावसात दोघं आमच्याकडे आले, एकाच काळ्या छत्रीतून. पाऊस सरळ पडत होता, माडाची झावळीसुद्धा हलत नव्हती. मी गॅलरीतून ओरडलो, "मामा, नवी छत्री आहे ना घरात?" मामा खालून म्हणाले, "कशाला हो? आज एकाच छत्रीचा वारा आहे."

ते मामींच्या गुडघ्यांच्या चालीने चालत होते, एक पाऊल टाकून थांबत, मग दुसरं टाकत. मामींच्या डोक्यावर छत्री पुरती होती. मामांचा मोडून जुळलेला खांदा बाहेर भिजत होता.