सुनेत्राबाईंची युती

सुनेत्राबाई केळकरांविषयी आधी सांगावे असे एकच आहे. रांग संपल्याखेरीज त्यांनी आपली खिडकी कधी मिटली नाही. विलायतेतल्या एका विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीपाशी त्यांचे नोकरीचे सारे आयुष्य सरले. तेथे येणारा प्रत्येक मनुष्य संतप्तच येई, आणि त्याचा संताप झेलून त्याच्या बॅगेचा रंग विचारणे हे बाईंचे काम. सोबतीण चहाला उठली, की बाई म्हणत, "तू हो पुढे. अजून उभी आहेत माणसं."

निवृत्तीनंतर हा हट्ट काही काळ निरुद्योगी होता. धावपट्ट्यांपलीकडच्या त्या लहानशा गावात बाईंची एक अलॉटमेंट होती, म्हणजे कौन्सिलकडून भाड्याने मिळणारा भाजीच्या मळ्याचा तुकडा. त्या सगळ्या मळ्यांच्या जागी मालवाहू व्हॅनचा तळ होणार, असे वर्तमान आले आणि हट्टाला उद्योग मिळाला.

मळेकऱ्यांची मते थोडी. म्हणून बाईंनी आणखी दोन लहान गट गाठले. एक उंच इमारतींतल्या भाडेकरूंचा, त्याचा पुढारी डेरेक. लिफ्ट बंद पडून पडून त्याचे गुडघे आणि त्याची वाणी दोन्ही कुरकुरू लागली होती. दुसरा बसप्रवाशांचा, त्याचा पुढारी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेला प्रणव. तिघांनी मिळून कौन्सिलच्या निवडणुकीत एक उमेदवार द्यायचा ठरवला, बाईंना उभे केले, आणि या जुटीचे नाव बाईंनीच सुचवले: युती. डेरेकला ते आवडले, कारण ते आखूड होते.

घरी बाईंच्या यजमानांनी, मुरलीधरपंतांनी, मात्र चष्मा कपाळावर चढवला. आयुष्यभर संस्कृत शिकवलेला मनुष्य; शब्दाची मुळे उकरल्यावाचून त्यांना अन्न गोड लागत नसे.

"अगं, आघाडी म्हणायचं होतंस. युती ग्रहांची होते. चार दिवस शेजारी दिसतात, मग आपापल्या वाटेनं जातात."

"मतदानापर्यंत शेजारी दिसले म्हणजे झालं."

"थट्टा नव्हे. ‘यु’ या धातूचे जुन्या वैयाकरणांनी दोन अर्थ दिलेत. मिसळणं आणि वेगळं होणं. एकाच धातूच्या पोटात दोन्ही."

"अहो, मतपत्रिकेवर धातू छापत नाहीत," असे म्हणून बाई रोझेट शिवायला बसल्या. उमेदवाराने छातीवर लावायचे ते फितींचे फूल. मळ्यांची हिरवी फीत, इमारतींची जांभळी, बसवाल्यांची केशरी.

पंतांचे व्याकरण खरे ठरले. एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराने डेरेकला नवी लिफ्ट कबूल केली, प्रणवला उशिराची बस. मळ्यांविषयी तो काहीच बोलला नाही. उमेदवारी मागे घेण्याची मुदत उलटून गेली होती, मतपत्रिका छापून तयार होत्या, आणि नेमकी तेव्हा युती मोडली. निरोप सांगायला प्रणव मळ्यावर आला. बाई चर खणून त्यात कोंबांची भाजी होते त्या विलायती शतावरीची मुळे पसरत होत्या.

"काकू, प्लीज रागावू नका. नाव तर आता बॅलट पेपरवरून निघणार नाही. तुम्ही फक्त कॅम्पेनिंग थांबवा. लोक आपोआप समजतील."

"काय समजतील?"

"की युती इज ओव्हर. आणि ते रोझेट... आमची ऑरेंज फीत काढून टाकाल का? डेरेक पर्पलचंही म्हणत होता."

"डेरेकला स्वतः यायला काय झालं? इथे तर लिफ्टही लागत नाही."

प्रणव हसला आणि लगेच ओशाळला. चराकडे पाहत म्हणाला, "ही शतावरी कापणीला कधी येते?"

"तिसऱ्या वर्षी."

"पण काकू, तोवर ही जागा..."

"ती माती दे इकडे. तुझ्या पायाशी आहे ती."

त्याने फावड्याने माती ओढून दिली. बाईंनी ती मुळांवर पसरली आणि पुढचा चर खणायला घेतला.

त्या संध्याकाळी त्यांनी पंतांना विचारले, "वेगळं होणंही त्याच धातूत आहे म्हणालात ना?"

"आहे."

"मग ते सोडून गेले, तरी मी शब्दाबाहेर पडले नाही. नाव माझंच राहिलं."

 वैयाकरणांच्या मनात हा अर्थ असेल असे पंतांना वाटेना. पण खोडताही येईना. दुसऱ्या सकाळी त्यांनी मुकाट्याने बूट चढवले आणि पत्रकांची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. बाई दारोदार गेल्या. इमारतींचे जिनेही चढल्या. कोणी दार उघडून "तुमची ती मोडली ना?" असे विचारी, तेव्हा म्हणत, "दोघं गेले. मी आले आहे. मळ्यांविषयी बोलायचं आहे."

मतमोजणीच्या सभागृहात बाई तिन्ही फितींचे फूल लावून उभ्या राहिल्या. डेरेकने दुरून पाहिले आणि नजर चुकवली. प्रणव जवळ आला. "काकू, काढली नाहीत?"

"तुला हवी तर उसवून घे. टाका पक्का आहे."

त्याने हात पुढे केला नाही.

अधिकारीण व्यासपीठावर निकाल वाचू लागली. मोठ्या पक्षाचा उमेदवार निवडून आला होता. बाई दुसऱ्या आल्या होत्या, आणि मोडलेल्या युतीला एवढी मते कोठून आली, या प्रश्नाने विजेत्याचे स्मित किंचित आखडले होते. मळ्यांची गोष्ट आता त्याला न बोलता उरकता येणार नव्हती.

"सुनेत्रा केलकर," अधिकारीण वाचत होती, "यूटी."

"क्षमा करा," बाई जागेवरूनच इंग्रजीत म्हणाल्या, "यु ऱ्हस्व आहे. आणि ट नव्हे, त."

सभागृहात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत, बसल्याही नाहीत. खिडकीपाशी उभ्या राहत तशाच उभ्या राहिल्या. अधिकारिणीने कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला, ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिले, आणि मग ध्वनिक्षेपकावर स्वच्छ उच्चारले, "युती."

"आता पुढचं वाचा," बाई म्हणाल्या.