पेत्राला तोंडावर बोलणारा दौलत

दौलत भिंगारदिवे आमच्या मिलमध्ये सूत कातायच्या रिंग खात्यात होता. मी साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. त्याने सांधलेला धागा पुन्हा तुटत नसे. हे मी मैत्रीखातर म्हणत नाही. त्याच्या खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादमही तेच म्हणायचा, आणि तो जॉबर कोणाचं चांगलं बोलणारा माणूस नव्हता.

एवढा हात असून दौलत साच्यांवर कधी आला नाही. साच्यावर पगार जास्त. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि दौलतच्या जातीतल्या माणसाचं तोंड लागलेला धागा इतरांना चालणार नाही, हे त्याच्या बापाच्या वेळीच ठरलं होतं. बाप नगर जिल्ह्यात असतानाच प्रोटेस्टंट ख्रिस्ती झाला होता. मुंबईला आला तेव्हा हातात गावकीची काठी नव्हती, बायबल होतं. तरी मिलमध्ये त्याला रिंग खातंच मिळालं, आणि नंतर दौलतलाही.

दौलत नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचा. बायको शांता. मूलबाळ नाही. रविवारी सकाळी दोघं प्रार्थनेला जायची, दुपारी दौलत बायबल घेऊन खिडकीत बसायचा. शिक्षण सातवीपर्यंत. वाचायचा हळू, पण एकदा वाचलेलं सोडायचा नाही.

जेवणाच्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ आम्ही तिघे बसायचो. तिसरा इनास परेरा, फिटर. माहीमच्या जुन्या ईस्ट इंडियन घरातला, कॅथलिक, घरात मराठीच बोलणारा. डबा उघडला की त्या दोघांचं भांडण सुरू व्हायचं. विषय कायम एकच. पोपला अधिकार दिला कोणी?

"पेत्रानं रोमला गादी मांडली, हे बायबलात कुठं आहे ते दाखव," दौलत म्हणायचा.

"सगळं बायबलात असतं काय रे? तुझ्या आयशीचं नाव आहे बायबलात? म्हणून ती तुझी आयशी नाही?"

"आईला मी बघितलंय. पेत्राची गादी तू बघितलीस?"

"प्रभूनं स्वर्गाच्या किल्ल्या कोणाच्या हातात दिल्या? बाराजणांच्या दिल्या? एकाच्या दिल्या. 'माझी मेंढरं पाळ' हे कोणाला सांगितलं? त्यालाच."

"किल्ल्या मत्तयाच्या सोळाव्यात. जरा पुढं सरक, अठराव्यात ये. बांधायचा आणि सोडायचा अधिकार तिथं सगळ्यांना दिलाय."

"अठराव्यात किल्ल्यांचं नाव नाही."

"बरं, दिल्या पेत्राला. पेत्र मेला. मग त्या पोपच्या कमरेला कशा आल्या?"

"जॉबर मेला म्हणून खातं बंद पडतं? दुसरा जॉबर येतो. तसंच."

"दुसरा जॉबर पहिल्याएवढा शहाणा असतो का, ते या रमाकांतला विचार."

रमाकांत म्हणजे मी. मालवणकडचा, गणपती आणणारा. मला त्यात मत नव्हतं. पण ऐकून ऐकून दोघांच्याही बाजू मला पाठ झाल्या होत्या.

दौलतचा हुकमाचा पत्ता म्हणजे गलतीकरांस पत्र, दुसरा अध्याय. गोष्ट साधी आहे. अंत्युखिया गावात पेत्र यहुदी नसलेल्या लोकांबरोबर एका पंगतीत जेवायचा. मग यरुशलेमहून त्याच्या जातीची मोठी माणसं आली. त्यांच्या भीतीने पेत्र पंगतीतून उठला. त्याचं बघून बाकीचेही उठले. तेव्हा पौलाने सगळ्यांदेखत पेत्राला तोंडावर सुनावलं.

"पेत्र जर सगळ्यांच्या वर होता, तर पौल त्याला असा बोलला कसा?" दौलत विचारायचा. "आणि पेत्र चुकला तर पोप चुकणार नाही, हे कशावरून?"

इनास त्यावर जे म्हणायचा, ते मी नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तो म्हणायचा, "पेत्र वागण्यात चुकला, शिकवण्यात नाही. पौल बोलला ते बरोबरच. चुकला तर बोलावंच. पण बोलला म्हणून पौलानं किल्ल्या काढून घेतल्या नाहीत."

दौलतने यातलं एकच ऐकलं. चुकला तर बोलावंच. इनासने एवढं कबूल केलं म्हणजे आपण अर्धी लढाई जिंकली, असं तो मला परत जाताना सांगायचा.

मग ब्याऐंशीचा संप आला.

आमच्या गेटवरच्या समितीचा पुढारी कुशाबा. साताऱ्याकडचा, पन्नाशीचा, सगळे त्याला आबा म्हणायचे. माणूस कामाचा होता. धान्य गोळा करणं, अटकेतल्यांना सोडवणं, घरमालकाशी बोलणं, सगळं तो करायचा. समितीत फिटरांकडून इनास होता, रिंग खात्याकडून दौलत. उन्हाळ्यात घराघरातले डबे रिकामे झाले तेव्हा आबाने नायगावात चाळींमधल्या मैदानात सगळ्यांचं एकत्र जेवण सुरू केलं. पत्र्याचा आडोसा, तीन दगडांच्या चुली, बायका पाळीने बसायच्या.

भाकरीच्या चुलीवर शांतावहिनी. भाकरी हे कष्टाचं काम आहे. पीठ तळहाताने रगडून रगडून मळावं लागतं, नाहीतर थापताना कडा फाटतात. शेकड्याने भाकऱ्या करताना बायका शेवटी शेवटी पीठ तसंच उचलून थापतात. वहिनींची शेवटची भाकरी पहिलीसारखीच फुगायची. आबा पहिल्या दिवशी पहिल्या पंगतीला बसला आणि त्यांच्या हातची भाकरी मागून घेऊन जेवला. रोज जेवायचा. दौलतला त्याचं फार अप्रूप होतं. "या माणसासाठी मी काहीही उचलीन," तो म्हणायचा, आणि उचलायचा. धान्याची गाडी आली की पहिलं पोतं त्याच्या पाठीवर.

जूनच्या आसपास आबाच्या गावाकडून ज्वारीचा ट्रक आला. बरोबर गावातली चार मोठी माणसं. ती पंगतीला बसायला आली, एकाने आडोशात डोकावलं, आणि बाजूच्या बाईला विचारलं, "भाकरीवर बसलीया ती कोण? कुणाकडची?" त्या बाईने आडनाव सांगितलं.

पाहुणे बसले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले. आबाही त्यांच्याबरोबर उठला. चौघांना घरी घेऊन गेला आणि तिथेच जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आडोशात आला. "वहिनी, तुमी दमला असाल. आता तांदूळ निवडायला बसा. भाकरीला आमच्या बायका येतील."

"मी नाही दमले, आबा," वहिनी म्हणाल्या.

"तरीपण."

पाहुणे आठवड्याने गेले. वहिनी तांदळावरच राहिल्या. आबा पुन्हा पंगतीला बसला नाही. डबा घरून यायला लागला. मग त्याच्या गावची माणसं उठली. मग आणखी काही. एका पंगतीच्या दोन पंगती झाल्या.

दौलत माझ्या खोलीवर आला तेव्हा इनास बसलेला होता. दौलत उभ्यानेच म्हणाला, "इनास, हे गलतीकरांत आहे. जसंच्या तसं."

इनास म्हणाला, "आहे खरं."

"रविवारी सभा आहे. मी सगळ्यांसमोर बोलणार. पण मी एकटा बोललो तर म्हणतील, बायकोसाठी बोलतोय. तू समितीतला आहेस. तुझं वजन आहे. तू उठशील?"

"चूक ती चूकच," इनास म्हणाला. "उठतो."

दौलत खाली बसला. त्या दिवशी तो बराच वेळ बसला आणि चहा मागून प्याला.

सभेला मैदान भरलं होतं. दौलत उठला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "आबा, तुम्ही माझ्या बायकोच्या हातचं दोन महिने जेवलात. गावची माणसं आली आणि तुम्ही उठलात. तुम्ही उठलात म्हणून बाकीचे उठले. आपण मालकाशी एकत्र भांडतोय आणि जेवतोय वेगवेगळे. हे चूक आहे. तिला भाकरीवर परत बसवा, आणि तुम्ही पंगतीला या. एवढंच."

कोणीतरी मागून म्हणालं, "अरे, धान्य कुठून येतं ते बघ आधी."

आबाने हात वर केला. "दौलत, मला काय इटाळ वाटत न्हाई. पर गाव रुसला तर ट्रक बंद होईल. पोरं उपाशी ठेवू? अजून कुणाला हेच म्हणायचंय का?"

मी उठलो. रिंग खात्यातले दोघे उठले. आमचं कोणाचं वजन नव्हतं.

मग इनास उठला. दौलत त्याच्याकडे बघत होता. इनास म्हणाला, "आबांची चूक झाली असेल. आपण सगळेच माणसं. पण आत्ता पुढारी एकच पाहिजे. जो तो पुढाऱ्याला ओढायला लागला तर मालकाला हेच हवंय. आबा सांगतील तसं करू. शांतावहिनींचं मन मोठं आहे, त्या समजून घेतील."

टाळ्या पडल्या. वहिनी बायकांत बसल्या होत्या. त्या उठून घरी गेल्या. दौलत मात्र सभा संपेपर्यंत उभाच होता. बसायचं त्याच्या लक्षात आलं नसावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दौलतकडे होतो. इनास दारात आला. चपला काढून नेहमीसारखा आत येऊन भिंतीला टेकून बसला. "वहिनी, भाकरी आहे?"

वहिनींनी दौलतकडे बघितलं. दौलत म्हणाला, "वाढ."

इनास जेवायला लागला. अर्ध्या भाकरीनंतर म्हणाला, "मी तर जेवतोय ना तुझ्याकडे? मी कधी वेगळं मानलंय?"

"इथं कोण बघतंय?" दौलत म्हणाला. "दार लावून घेतलं असतं तर पेत्रही जेवला असता."

"दौलत, मी तुला कायम हेच सांगत आलो. चुकला तरी किल्ल्या त्याच्याकडेच."

"तू हेही सांगत आलास, की चुकला तर बोलावं."

"बोललो की. चूक झाली असेल म्हणालो."

"असेल," दौलत म्हणाला.

इनासने ताटातलं संपवलं, हात धुतला आणि गेला. त्यानंतर त्या खोलीत तो आला नाही.

दौलतने समिती सोडली. धान्याची गाडी आली की मात्र मैदानात यायचा, पोती उतरवायचा, थप्पी सरळ आहे का बघायचा आणि जेवणाआधी निघून जायचा. मी एकदा म्हटलं, "कशाला वाहतोस रे त्यांचं?" तो म्हणाला, "पोरं खातात."

दिवाळीनंतर ट्रक यायचे थांबले. ज्या ट्रकसाठी वहिनींना उठवलं, तेच. आबा गावी गेला, परत आला नाही. संप कोणी मागे घेतला नाही; माणसं एकेक करून कमी झाली. मशीन सुरू करायला फिटर लागतात, म्हणून इनासला मिलने परत घेतलं. आम्हाला दोघांना घेतलं नाही. दौलत मांडववाल्याकडे रोजावर लागला आणि मलाही घेऊन गेला. बांबू, खड्डे, सुंभ. बोटांनी धागा सांधणारा माणूस खांद्याने काम करायला लागला, आणि वर्षभरात मुकादम त्याच्या गाठी नव्या लोकांना दाखवायला लागला.

शहाऐंशीच्या सुरुवातीला पोप मुंबईला येणार होते. शिवाजी पार्कवर मोठी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना. मैदानात गर्दी अडवायच्या आडकाठ्यांचं थोडं काम आमच्या मांडववाल्याला मिळालं.

मुकादमाला दौलत ख्रिस्ती आहे एवढं माहीत होतं. "काय दौलत, तुझ्या पोपचं काम आहे. चांगलं बांध."

"माझे नाहीत ते."

"मग काय ढिलं बांधणार?"

"ढिलं मी कोणाचंच बांधत नाही," दौलत म्हणाला, आणि सुंभ पाण्यात बुडवला. भिजवून बांधला की वाळताना आवळतो. बरेच जण हा त्रास घेत नाहीत.

तिसऱ्या दिवशी इनास दिसला. छातीला स्वयंसेवकाचा बिल्ला. थोडा जाडावला होता. आम्हाला बघून थांबला, मग जवळ आला.

"दौलत, तू? इथं?"

"काम आहे."

इनास गाठ बघत म्हणाला, "चार वर्षं झाली. पेत्राचं दुसरं पत्र वाच. शेवटी त्यानं पौलाला प्रिय बंधू म्हटलंय. एवढं ऐकून घेतल्यावरसुद्धा. तू किती वर्षं धरून बसणार?"

"वाचलंय," दौलत म्हणाला. "पेत्रानं ते लिहून दिलं. सगळ्यांसमोर वाचलं जाईल असं लिहिलं. तू काय दिलंस?"

"काय पाहिजे तुला?"

"शांताला भाकरीवरून उठवलं ते चूक होतं. 'असेल' नाही. होतं. आणि 'मी उठतो म्हणालो आणि उलटं बोललो', हेही. एवढं म्हण. त्या मैदानातली माणसं इथं बांबू वाहतायत, ती दोघं बघ, त्या दिवशी टाळ्या वाजवत होती. हाक मारतो. त्यांच्यासमोर म्हण."

इनासने त्या माणसांकडे बघितलं. मग फाटकाकडे बघितलं. तिकडून एक फादर आणि चर्चची चार-पाच माणसं पाहणी करत येत होती. इनासचा हात बिल्ल्याकडे गेला.

"आत्ता नको रे," तो हळू म्हणाला. "फादर येतायत. संध्याकाळी घरी येतो. वहिनींच्या पाया पडतो, हवं तर."

"घरी येऊ नकोस," दौलत म्हणाला.

"अरे, पण मी म्हणतोय ना..."

"घरी ती तुझं ऐकेल. वाढेलसुद्धा. म्हणून येऊ नकोस."

फादर जवळ आले. इनास वळून त्यांच्याकडे गेला आणि आडकाठ्या कुठपर्यंत येणार ते हाताने दाखवायला लागला.

दौलत मला म्हणाला, "धर." मी आडवा बांबू खांद्याला लावून धरला. त्याने सुंभाचे वेढे घातले, पाय टेकवून ओढले आणि गाठ मारली. हलवून बघितलं. मग पुढच्या खांबाकडे गेला.

मिस्साच्या दिवशी माहीम-दादरचे रस्ते माणसांनी भरले होते. दौलत त्या दिवशी माटुंग्याला एका लग्नाच्या मांडवावर होता. काम थोडं होतं. त्याने ते दिवसभर पुरवलं.